काय-वर्ग चाचणी आणि दोन चलांचं स्वातंत्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्ट जमा करायच्या तारखा जवळ आल्या की मुंबईतल्या समाजशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग आणि मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: सूत्र पाठ असतं, पण तक्त्यातला आकडा कुठून आला हे पाहायचं राहून जातं. म्हणून इथे सगळीकडे एकच तक्ता वापरला आहे. त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही सर्वेक्षणातले नाहीत. जिथे खऱ्या सर्वेक्षणाचे आकडे आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

१. काय-वर्ग चाचणी नेमकं काय तपासते?

दोन गुणात्मक चलांचा (म्हणजे ज्यांची उत्तरं आकड्यांत नसून गटांत येतात, अशा चलांचा) एकमेकांशी काही संबंध दिसतो का, हे तपासते. समजा एक चल आहे 'रोज लोकलच्या कोणत्या लाइनने प्रवास करता' आणि दुसरं 'काल कामावर उशीर झाला का'. ही दोन चलं स्वतंत्र असतील, तर एखाद्याची लाइन कळल्याने त्याच्या उशिराबद्दल काहीच जास्तीचं कळणार नाही. पश्चिम, मध्य, हार्बर, तिन्हीकडे उशीर होणाऱ्यांचं प्रमाण सारखंच असेल. नमुन्यात थोडा फरक पडेल, पण तो योगायोगाचा. आपल्या तक्त्यातला फरक अशा योगायोगात बसतो की त्याच्या बाहेर जातो, एवढंच ही चाचणी सांगते. संबंध किती घट्ट आहे ते प्रश्न ७ मध्ये आणि तो कशामुळे आहे ते प्रश्न १५ मध्ये पाहा.

२. हाताने कशी करायची? एक पूर्ण उदाहरण द्याल का?

३०० प्रवासी, प्रत्येकाला एकदाच विचारलं:

| लाइन | उशीर झाला | वेळेवर पोहोचले | एकूण |
|---|---|---|---|
| पश्चिम | ३० | ९० | १२० |
| मध्य | ४८ | ७२ | १२० |
| हार्बर | २२ | ३८ | ६० |
| एकूण | १०० | २०० | ३०० |

'संबंध नाही' ही आपली शून्य परिकल्पना. ती खरी धरली तर प्रत्येक चौकटीत किती माणसं यायला हवी होती, ते आधी काढायचं. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. पश्चिम-उशीर या चौकटीसाठी १२० × १०० ÷ ३०० = ४०. याच रीतीने उशिराच्या स्तंभात ४०, ४०, २० येतात आणि वेळेवरच्या स्तंभात ८०, ८०, ४०.

मग प्रत्येक चौकटीत (निरीक्षित − अपेक्षित)² ÷ अपेक्षित. पश्चिम-उशीरमध्ये ३० दिसले, ४० अपेक्षित होते. फरक १०, वर्ग १००, भागिले ४०, म्हणजे २.५. बाकीच्या चौकटींतून १.६, ०.२, १.२५, ०.८ आणि ०.१ येतात. बेरीज ६.४५. हाच काय-वर्ग.

डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे किती चौकटी मनासारख्या भरता येतात ती संख्या (प्रश्न ३ पाहा), (३ − १) × (२ − १) = २. पाच टक्के पातळीला कोष्टकातली सीमा ५.९९१, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने काय-वर्ग याच्या पुढे शंभरात पाचच वेळा जातो. आपलं ६.४५ तिच्या पुढे गेलं, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. पी-व्हॅल्यू सुमारे ०.०४ (तिचा अर्थ प्रश्न ४ मध्ये).

एकदा तरी हे कागदावर कराच. अपेक्षित आकडे स्वतः काढले की चाचणी कशाची कशाशी तुलना करते ते कायमचं लक्षात राहतं. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडावं.

३. डिग्रीज ऑफ फ्रीडम 'चौकटी वजा एक' का नाही? सहा चौकटी आहेत, मग पाच का नको?

कारण अपेक्षित आकडे काढताना आपण ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा तक्त्यातूनच घेतल्या. त्या बेरजा कायम ठेवून आपल्या तक्त्यात फक्त दोन चौकटी मनासारख्या भरता येतात. पश्चिम-उशीर आणि मध्य-उशीर भरले की उरलेले चारही आकडे वजाबाकीने आपोआप ठरतात.

तुमचा गोंधळ होतोय यात वावगं काही नाही, कारण हीच गोष्ट मोठमोठ्यांनाही सुटायला वेळ लागला. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली तेव्हा अशा तक्त्यांसाठीही ते चौकटी वजा एकच धरत होते. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसटोचणीचे तक्ते तपासत होते. दोन बाय दोनच्या तक्त्यावर काय-वर्ग एक उत्तर देई आणि दोन प्रमाणांची थेट तुलना दुसरं. आर. ए. फिशर यांनी १९२२ मध्ये (ओळी − १) × (स्तंभ − १) हा नियम सिद्ध केला आणि दोन्ही उत्तरं जुळली. कॉलऱ्याविरुद्धची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची संस्था आपल्या परळलाच आहे. चाचणीचा हा नियम अशा लसींचं मोल ठरवता ठरवता पक्का झाला, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

४. पी-व्हॅल्यू ०.०४ आली. म्हणजे दोन चलं स्वतंत्र असण्याची शक्यता ४ टक्के, बरोबर?

नाही. ही चूक छापील प्रबंधांतही सापडते. ०.०४ चा अर्थ असा: चलं खरोखर स्वतंत्र असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा काय-वर्ग येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. 'स्वतंत्र असती तर' हे धरून केलेला हिशोब आहे. तोच आकडा उलट फिरवून 'स्वतंत्र आहेत का' याची शक्यता म्हणून वाचता येत नाही.

५. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली. 'चलं स्वतंत्र आहेत हे सिद्ध झालं' असं लिहू का?

लिहू नका. प्रश्न २ मधला तक्ता बरोबर निम्मा करा: उशीर १५, २४, ११ आणि वेळेवर ४५, ३६, १९. टक्केवारी जशीच्या तशी राहिली, पण काय-वर्ग ३.२२५ वर आला आणि पी-व्हॅल्यू ०.२० झाली. मध्य रेल्वेवर ४० टक्के आणि पश्चिमेवर २५ टक्के हा फरक तसाच आहे, फक्त १५० माणसांत तो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. 'या नमुन्यात संबंधाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही' असं लिहा आणि सोबत नमुन्याचा आकार द्या.

६. माझ्याकडे टक्केवारी तयार आहे. तीच टाकली तर चालेल ना?

अजिबात नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरच्या तक्त्यात उशिराचं प्रमाण पश्चिमेला २५ टक्के, मध्यला ४० टक्के, हार्बरला ३६.६७ टक्के. समजा हेच आकडे आणि समोर ७५, ६०, ६३.३३ असे टाकले. चाचणीला वाटतं, प्रत्येक लाइनवर बरोबर १०० माणसं विचारली. हार्बरच्या ६० जणांचे १०० झाले, पश्चिमेच्या आणि मध्यच्या १२० जणांचे १०० झाले. काय-वर्ग येतो ५.५४, म्हणजे ५.९९१ च्या अलीकडे. निकालच उलटला! एकूण बेरीजही योगायोगाने ३०० च भरते, त्यामुळे नुसती बेरीज पाहून चूक पकडता येत नाही.

एकूण नमुन्याची टक्केवारी टाकली तर आणखी वाईट. सगळ्या चौकटी मिळून १०० होतात आणि काय-वर्ग २.१५ वर घसरतो.

चौकटीत माणसांची संख्याच हवी. सरासरी, रुपये, तास, गुण यांनाही तिथे जागा नाही.

७. संबंध आहे हे कळलं. पण तो किती मजबूत, हे काय-वर्गावरून कळतं का?

काय-वर्ग नमुन्याबरोबर फुगतो, म्हणून थेट कळत नाही. त्यासाठी क्रामेरचा व्ही काढा. काय-वर्गाला एकूण नमुन्याने भागा. मग ओळी आणि स्तंभ यांतली जी संख्या लहान असेल तिच्यातून एक वजा करून, येईल त्याने पुन्हा भागा आणि वर्गमूळ घ्या. आपल्याकडे ६.४५ ÷ ३०० ÷ १ = ०.०२१५, वर्गमूळ सुमारे ०.१५. व्ही शून्यापासून एकपर्यंत असतो. एका चलाचे दोनच गट असतील तर ०.१ च्या आसपास सौम्य, ०.३ मध्यम, ०.५ मजबूत, असं ढोबळमानाने धरतात. म्हणजे आपला संबंध सौम्य आहे.

मोठ्या नमुन्यात याची खरी गरज लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. एवढ्या नमुन्यात दोन बाय दोनच्या तक्त्याचा व्ही फक्त ०.०१ असला, म्हणजे संबंध जवळजवळ नाहीच असं म्हणावं लागलं, तरी साधा काय-वर्ग ७२ च्या वर जातो. कोष्टकातली सीमा आहे ३.८४१. तिथे नुसतं 'सार्थक' (म्हणजे काय-वर्ग सीमेच्या पुढे गेला) लिहिणं म्हणजे वाचकाची दिशाभूल. या माहितीची दुसरी अडचण प्रश्न १७ मध्ये आहे.

८. निकाल सार्थक आला. आता 'मध्य रेल्वेवर जास्त उशीर होतो' असं लिहिता येईल का?

चाचणी पूर्ण तक्त्याबद्दल बोलते, एका लाइनबद्दल नाही. कोणत्या चौकटीमुळे फरक पडला ते पाहायला समायोजित प्रमाणित अवशेष काढतात, म्हणजे प्रत्येक चौकटीतला निरीक्षित-अपेक्षित फरक एकाच मापावर आणतात. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसटॅब्सच्या 'सेल्स' खिडकीत 'ॲडजस्टेड स्टँडर्डाइज्ड'वर टिक करा. आपल्या तक्त्यात उशिराच्या स्तंभात पश्चिमेला −२.५, मध्यला +२.०, हार्बरला +०.६ येतात. साधारण २ च्या पलीकडचा अवशेष लक्ष देण्याजोगा. म्हणजे ठळक गोष्ट 'पश्चिमेवर अपेक्षेपेक्षा कमी जणांना उशीर' ही आहे. मध्यचा आकडा काठावर आहे आणि हार्बरबद्दल यातून काहीच म्हणता येत नाही. चौकटी जास्त असतील तर प्रश्न १६ मधली सावधगिरी इथेही पाळा.

९. एका चौकटीत ३ च माणसं आहेत, एकीत तर शून्य. चाचणी बाद?

लगेच बाद नाही. अट अपेक्षित आकड्यावर आहे, निरीक्षित आकड्यावर नाही. निरीक्षित शून्य असूनही अपेक्षित १२ असेल, तर काहीच अडचण नाही. कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही बहुतेक जण पाळतात: कोणत्याही चौकटीत अपेक्षित आकडा १ पेक्षा कमी नसावा आणि ५ पेक्षा कमी अपेक्षित आकडा असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात.

अट मोडली तर दोन वाटा. एक म्हणजे अर्थाला धरून गट एकत्र करणं. ट्रान्स-हार्बरचे सहाच जण असतील तर त्यांना हार्बरमध्ये घेणं पटण्यासारखं आहे. पश्चिमेत घालणं पटणार नाही. हा निर्णय पी-व्हॅल्यू पाहण्याआधी घ्या. निकाल पाहून गट जोडणं म्हणजे हवं ते उत्तर मिळेपर्यंत तक्ता वाकवणं. दुसरी वाट फिशरच्या अचूक चाचणीची, जी लहान आकड्यांसाठीच आहे आणि 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये दोन बाय दोनपेक्षा मोठ्या तक्त्यावरही चालते.

१०. हाताने काढलेलं उत्तर सॉफ्टवेअरशी जुळत नाही. कुठे चुकलं?

तक्ता दोन बाय दोनचा असेल तर बहुधा तुमचं काहीच चुकलेलं नाही. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये सुचवलेली, काय-वर्ग थोडा कमी करणारी दुरुस्ती 'आर' आणि पायथॉनचं सायपाय हे पॅकेज दोन बाय दोनच्या तक्त्यावर न सांगताच लावतात. फक्त पश्चिम आणि मध्य घेतले तर हाताने ६.१५ येतं आणि दुरुस्तीसह ५.४९. माझं मत: अपेक्षित आकडे मोठे असतील तर दुरुस्ती नको, ती चाचणीला गरजेपेक्षा सावध बनवते. लहान असतील तर सरळ फिशर वापरा. काहीही करा, पण कोणतं वापरलं ते लिहा.

एक्सेलमध्ये अडचण वेगळी असते. तिथलं काय-वर्ग चाचणीचं फंक्शन अपेक्षित आकड्यांचा तक्ता तुमच्याकडून मागतं आणि उत्तरात काय-वर्ग न देता थेट पी-व्हॅल्यू देतं. ०.०४ ला काय-वर्ग समजून कोष्टकाशी ताडून पाहणारे बरेच जण भेटतात.

११. गूगल फॉर्ममध्ये 'लोकल, बेस्ट, मेट्रो, रिक्षा: लागू असेल त्या सगळ्यांवर टिक करा' असं विचारलं. हा तक्ता चालेल?

तसाच्या तसा नाही. मुंबईत रिक्षाने स्टेशन, लोकलने अंधेरी, पुढे मेट्रो असा प्रवास करणारा एकच माणूस तीन चौकटींत मोजला जातो. २०० जणांच्या फॉर्ममधून ४५० टिक मिळाल्या म्हणून नमुना ४५० चा होत नाही. एक माणूस एकाच चौकटीत, ही या चाचणीची पहिली अट आहे.

प्रत्येक साधनाचा वेगळा 'वापरतो / वापरत नाही' तक्ता करा. म्हणजे चार चाचण्या, आणि मग प्रश्न १६ लागू. फॉर्म अजून पाठवला नसेल तर 'सर्वात जास्त अंतर कशाने कापता?' असा एकच पर्याय निवडायचा प्रश्न घाला. पुढचा बराच त्रास वाचेल.

१२. त्याच लोकांना आधी आणि नंतर विचारलं. काय-वर्ग लावू का?

साधा नको, मॅकनेमार लावा. 'आधी १५० आणि नंतर १५०' मिळून ३०० चा तक्ता केला तर प्रत्येक माणूस दोनदा मोजला जातो. मॅकनेमार चाचणी फक्त बदललेल्यांकडे पाहते. समजा घराजवळ मेट्रो आल्यावर ३० जण लोकलवरून मेट्रोकडे वळले आणि १० जण उलट गेले. (३० − १०)² ÷ (३० + १०) = १०, आणि १ डिग्री ऑफ फ्रीडमला सीमा ३.८४१. न बदललेले किती, याने या हिशोबात फरक पडत नाही. पण फॉर्मवर कोणतीही ओळख न घेता दोन फेऱ्या केल्या असतील तर जोड्या लावताच येत नाहीत. म्हणून क्रमांक पहिल्याच फेरीत द्या.

१३. मी ठरवून प्रत्येक लाइनचे १०० प्रवासी घेतले. तरी ही स्वातंत्र्याची चाचणी होते का?

गणित तेच, सीमा तीच. फक्त प्रश्न 'तिन्ही लाइनवर उशिराचं प्रमाण सारखं आहे का' असा होतो आणि याला समजातीयतेची चाचणी म्हणतात. एक बंधन मात्र येतं: अशा नमुन्यावरून 'मुंबईतले इतके टक्के प्रवासी मध्य रेल्वेचे' असं काही म्हणता येणार नाही, कारण ते प्रमाण तुम्हीच ठरवलं.

१४. वयाचे गट किंवा 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' अशा उत्तरांवर चालेल का?

चालेल, पण चाचणीला क्रम कळत नाही. 'सहमत' आणि 'असहमत' यांच्या ओळींची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. चढता-उतरता कल शोधायचा असेल आणि दुसऱ्या चलाचे दोनच गट असतील, तर कॉक्रन-आर्मिटेजची कल-चाचणी जास्त धारदार. आणि वय वर्षांत विचारलेलं असेल तर केवळ काय-वर्ग लावता यावा म्हणून त्याचे गट पाडू नका.

१५. संबंध सार्थक आला. मग मध्य रेल्वेमुळे उशीर होतो असं म्हणायचं का?

आधी तिसरं चल तपासा. हार्बर क्षणभर बाजूला ठेवू आणि पश्चिम-मध्यचे २४० प्रवासी प्रवासाच्या वेळेनुसार वेगळे करू.

तासाच्या आत पोहोचणारे: पश्चिमेचे १००, त्यांपैकी २० ना उशीर. मध्यचे ४०, त्यांपैकी ८ ना. दोन्हीकडे २० टक्के.

तासाहून जास्त लागणारे: पश्चिमेचे २०, त्यांपैकी १० ना उशीर. मध्यचे ८०, त्यांपैकी ४० ना. दोन्हीकडे ५० टक्के.

बेरजा करून पाहा: ३० आणि ४८, तोच प्रश्न २ मधला तक्ता. पण दोन्ही गटांत काय-वर्ग शून्य! या तक्त्यात फरक लाइनचा नव्हताच. मध्यच्या नमुन्यात कल्याणच्या पलीकडून, कर्जत-कसाऱ्याहून येणारे जास्त असले की असा तक्ता बनतो. असे स्तर पाडून एकत्र निष्कर्ष काढायला मँटेल-हेन्झेलची पद्धत आहे, १९५९ ची. कधीकधी स्तर पाडल्यावर फरकाची दिशाच उलटते. त्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

कोणतं तिसरं चल पाहायचं हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते विषय जाणणाऱ्यालाच सुचतं. म्हणून फॉर्म बनवतानाच विचार करा. प्रवासाचा वेळ विचारलाच नसेल तर नंतर हा तक्ता फोडता येत नाही.

१६. माझ्या प्रश्नावलीत २० प्रश्न आणि ५ वैयक्तिक माहितीचे मुद्दे आहेत. सगळ्यांचे तक्ते करू?

म्हणजे १०० चाचण्या. कुठेच काही संबंध नसला तरी पाच टक्के पातळीला सरासरी पाच तक्ते सार्थक येतील, आणि नेमके तेच पाच निष्कर्षांच्या प्रकरणात जातात. माहिती गोळा करण्याआधी मोजक्या परिकल्पना लिहून ठेवा, त्याच तपासा. जास्त कराव्याच लागल्या तर बोन्फेरोनीची साधी रीत आहे: ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागा. चार चाचण्यांसाठी सीमा ०.०१२५. आणि एकूण किती चाचण्या केल्या तो आकडा अहवालात द्या, सार्थक न आलेल्याही धरून.

१७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती डाउनलोड केली आहे. तिच्यावर सरळ काय-वर्ग चालवू का?

नका चालवू. या सर्वेक्षणाचं काम देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते आणि त्याचा नमुना चिठ्ठ्या टाकून देशभरातून एकेक माणूस उचललेला नाही. आधी गावं किंवा शहरी वस्त्यांचे गट निवडले जातात, मग प्रत्येकातून ठरावीक घरं; पाचव्या फेरीत ती २२ होती. एकाच वस्तीतल्या घरांचं पाणी, दवाखाना, उत्पन्न बरंचसं सारखं असतं. त्यामुळे २२ घरं २२ वेगवेगळ्या साक्षी देत नाहीत. साधा काय-वर्ग मात्र तसंच समजतो आणि पी-व्हॅल्यू खरीपेक्षा लहान देतो. शिवाय प्रत्येक मुलाखतीला वजन असतं (ती किती लोकांच्या वतीने मोजायची ते), तेही त्याला कळत नाही.

जे. एन. के. राव आणि ॲलिस्टर स्कॉट यांनी १९८१ आणि १९८४ च्या लेखांत यावर दुरुस्ती दिली. 'आर'चं सर्व्हे पॅकेज आणि स्टाटा या सॉफ्टवेअरमधल्या सर्वेक्षणाच्या आज्ञा ती वापरतात. त्यासाठी वजन, स्तर आणि प्राथमिक नमुना-घटक (म्हणजे आधी निवडलेली गावं किंवा वस्त्यांचे गट) हे तिन्ही स्तंभ सांगावे लागतात. ते फाइलमध्ये असतातच.

स्वतःच्या छोट्या सर्वेक्षणातही हाच धोका असतो. एका चाळीतल्या १५ खोल्यांत प्रत्येकी चौघांना विचारलं तर हाती ६० फॉर्म येतात, पण घरं १५ च असतात. वेळ आणि माणसं मोजकी असतील तर प्रत्येक खोलीतून एकालाच विचारा आणि उरलेला वेळ आणखी चाळींत घालवा. कोणत्या खोलीचा फॉर्म कोणता, ही नोंद मात्र न चुकता ठेवा.